दिवा आहे, पण उजेड कुणावर?

एखादी वस्ती किती सुरक्षित आहे हे पाहायला दिवसा जाऊन उपयोग नसतो. दिवेलागणीनंतर निघावं लागतं. जानेवारी 2024 मध्ये लोकल उरणपर्यंत आली. त्या लोकलने कामावरून उशिरा परतणाऱ्या बायका ज्या वाटेने स्टेशनवरून घरी जातात, त्याच वाटेने आम्ही सिडकोच्या द्रोणागिरी नोडमध्ये चालत होतो. हातात तक्ता होता, रस्ते किती सुरक्षित हे मोजण्यासाठी 2013 साली निघालेल्या ‘सेफ्टीपिन’ अ‍ॅपच्या निकषांचा: उजेड, मोकळेपणा, पायवाट, वर्दळ, त्यात बायका किती, घरादुकानांतून रस्ता दिसतो का, वगैरे. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण.

खांब मोजले तर उजेडाला पैकीच्या पैकी. पण पुढे कडेला कंटेनरचे ट्रेलर उभे. जेएनपीटी बंदर 1989 साली सुरू झालं, तेव्हापासून उरणकरांचं ट्रेलरशी हे असं सहजीवन आहे. दिव्याचा सगळा उजेड कंटेनरच्या टपावर, पायवाटेवर काळोख. ट्रेलर आणि कुंपणाच्या भिंतीमधून जाणारं माणूस ना रस्त्यावरून दिसतं, ना इमारतीतून. सोबतची कार्यकर्ती काही न बोलता भर रस्त्यात उतरली. पाठीमागून गाडी आली तरी चालेल, पण त्या बोळात नको! नव्या इमारतींचा तळमजला पार्किंगला गेलेला. लक्ष ठेवायला खाली आहे कोण? रस्त्याची खरी राखण पोलिसांआधी तिथले रहिवासी करतात, असं लेखिका जेन जेकब्स यांनी 1961 सालीच अमेरिकी शहरांबद्दल लिहून ठेवलं आहे.

तिथून कोळीवाड्यात गेलो, तर नेमकं उलट. गल्ली इतकी चिंचोळी की मोकळेपणाला शून्य. पण चार पावलं टाकली नाहीत तोच ओट्यावरच्या मावशींनी हटकलं, “कोनाकडं आलीस गो?” गुणांची बेरीज केली तर ही गल्ली नव्या रस्त्याच्या मागे पडते. मला ती बेरीज मान्य नाही.

शिवाय उरणला हवा असा एक रकानाच तक्त्यात नाही. 3 सप्टेंबर 2019 रोजी इथल्या ओएनजीसी प्रकल्पात आग लागून चौघांचा जीव गेला. अशा गावात भोंगा वाजल्यावर बाहेर कुठून पडायचं, हाही सुरक्षिततेचाच प्रश्न. आणि नेमक्या त्याच रस्त्यावर ट्रेलरची रांग असली तर?

सिडको आणि नगरपरिषदेच्या नियोजनकारांनी आराखड्यावर सही करण्याआधी एकदा रात्री नऊ वाजता, ट्रेलर उभे असताना, इथल्या बायकांबरोबर हे रस्ते चालून पाहावेत.