क्रेडिट कार्डावरील रोख परतावा : मर्यादित उत्पन्नाच्या कुटुंबाचा हिशेब

महिनाभराचे वाणसामान उधारीवर आणावयाचे आणि पगार होताच वाण्याची वही चुकती करावयाची, ही रीत महाराष्ट्रातील नोकरदार कुटुंबांच्या चांगली परिचयाची आहे. क्रेडिट कार्ड हे त्याच रीतीचे आधुनिक रूप होय. येथे वही बँक ठेवते आणि दुकानदाराला त्याचे पैसे बँकेकडून मिळतात. मुंबईस मुख्यालय असलेल्या सेंट्रल बँक ऑफ इंडियाने १९८० साली आपले क्रेडिट कार्ड सुरू केले, तेव्हा हे साधन शहरांतील मोजक्या ग्राहकांपुरतेच होते. आता शिक्षक, ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी अशा अनेकांपाशी कार्ड आढळते. २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयशी जोडण्याची सोय झाल्याने तालुक्याच्या गावातील किराणा दुकानातही क्यूआर कोडवरून त्याचा वापर करता येऊ लागला आहे.

या कार्डांच्या प्रचारात ‘कॅशबॅक’ म्हणजेच रोख परतावा या शब्दाला मोठे स्थान असते. मर्यादित उत्पन्नाच्या कुटुंबास या परताव्याचा खरोखर लाभ होतो काय, हे हिशेबानेच पाहणे इष्ट ठरेल.

परतावा येतो कोठून ?

ग्राहक कार्डाने पैसे देतो तेव्हा दुकानदाराच्या रकमेतून थोडा भाग, साधारणपणे दीड ते दोन टक्क्यांच्या आसपास, शुल्क म्हणून कापला जातो. त्यातील मोठा हिस्सा कार्ड देणाऱ्या बँकेस मिळतो. या उत्पन्नातून बँक ग्राहकास एक टक्का वा त्याहून थोडा अधिक परतावा देऊ शकते. याखेरीज वार्षिक शुल्क आणि थकबाकीवरील व्याज हीही बँकेच्या उत्पन्नाची साधने आहेत. साहजिकच पाच टक्के परताव्याची जाहिरात असते तेथे बहुधा काही मर्यादा घातलेली असते.

शुल्क वजा जाता

एखादे कुटुंब वाणसामान, औषधे, वीजबिल, शालेय साहित्य असा दरमहा १२,००० रुपयांचा खर्च कार्डाने करते, असे समजू. सरसकट एक टक्का परतावा असल्यास महिन्याला १२० रुपये, म्हणजे वर्षाला १,४४० रुपये मिळतील. कार्डाचे वार्षिक शुल्क ५०० रुपये असेल तर त्यावरील १८ टक्के वस्तू व सेवा कर धरून ५९० रुपये जातील आणि हाती ८५० रुपये उरतील. केवळ शुल्क भरून निघण्यासाठीच वर्षाला ५९,००० रुपयांचा खर्च व्हावा लागतो. म्हणून ज्यांचा खर्च याहून कमी आहे, त्यांनी वार्षिक शुल्क नसलेलेच कार्ड घेणे श्रेयस्कर होय. काही कार्डांवर ठराविक खर्च झाल्यास शुल्क माफ होते. परंतु ती मर्यादा गाठण्यासाठी गरज नसलेली खरेदी करण्यात तोटाच आहे.

आता दुसरे कार्ड पाहू. त्यावर किराण्याला पाच टक्के परतावा आहे, मात्र महिन्याला कमाल १०० रुपये, आणि इतर खर्चावर काहीही नाही. दोन हजारांच्या खरेदीतच ही मर्यादा संपते. बारा हजारांच्या खर्चावर शंभर रुपये म्हणजे एक टक्क्याहूनही कमी. सरसकट एक टक्क्याचे साधे कार्ड या कुटुंबास अधिक देते. याशिवाय इंधन, घरभाडे, दागिने, विम्याचे हप्ते, शासकीय भरणा अशा बाबी अनेक कार्डांवर परताव्यातून वगळलेल्या असतात. रोख रकमेऐवजी गुण मिळत असल्यास एका गुणाचे मोल किती पैसे, हेही विचारून घ्यावे.

थकबाकीचे गणित

वरील सर्व हिशेब एका अटीवर उभा आहे. ती अट म्हणजे दरमहाचे संपूर्ण बिल मुदतीत भरणे. समजा, १२,००० रुपयांच्या बिलापैकी एका महिन्यात २,००० रुपयेच भरले. अनेक कार्डांवर व्याजाचा दर दरमहा साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतो. उरलेल्या १०,००० रुपयांवर महिन्याचे व्याज ३५० रुपये आणि त्यावरील कर ६३ रुपये, असे ४१३ रुपये होतात. एक टक्का परताव्याने ते भरून काढण्यास ४१,३०० रुपयांची खरेदी, म्हणजे या कुटुंबाचा जवळजवळ साडेतीन महिन्यांचा खर्च लागेल. प्रत्यक्षात भुर्दंड याहूनही अधिक पडतो. कारण व्याज बहुधा खरेदीच्या दिवसापासून धरले जाते आणि नव्या खरेदीवरील बिनव्याजी मुदतही मिळत नाही.

बिलावर छापलेली ‘किमान देय रक्कम’ भरली की काम भागले, असा समज पुष्कळदा आढळतो. त्याने विलंब शुल्क टळते, व्याज टळत नाही. वार्षिक ३० टक्क्यांहून अधिक व्याज ही अनुचित प्रथा ठरविणारा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा २००८ चा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला, ही गोष्टही ध्यानात ठेवावी. कार्डावरून रोख रक्कम काढल्यास पहिल्या दिवसापासूनच व्याज व वर शुल्क लागते.

ज्यांच्याकडे थकबाकी आधीच साठली आहे, त्यांनी परताव्याचा विचार तूर्त बाजूस ठेवून ती प्रथम फेडावी. पगारदार नोकरांच्या सहकारी पतसंस्थेचे कर्ज या व्याजाच्या तुलनेत सामान्यतः बरेच स्वस्त पडते.

निवड व वापर

कार्ड घेण्यापूर्वी तीन महिन्यांचा घरखर्च बाबवार लिहून काढावा आणि ज्या बाबीवर अधिक खर्च होतो तिला सरसकट परतावा देणारे एकच कार्ड निवडावे. बँक खात्यातून आपोआप भरणा होण्याची सूचना देताना ‘संपूर्ण देय रक्कम’ हाच पर्याय निवडावा. पगाराची तारीख आणि बिलाची तारीख जुळत नसल्यास बिलाचे चक्र किमान एकदा बदलून घेता येते. परताव्याच्या लोभाने परिचितांची खरेदी आपल्या कार्डावर करू नये. बिलाची जबाबदारी कार्डधारकाचीच राहते.

रिझर्व्ह बँकेने २०२२ साली काढलेल्या निर्देशांनी ग्राहकास काही महत्त्वाचे हक्क दिले. न मागता कार्ड देण्यास मनाई करण्यात आली. थकबाकी नसलेले कार्ड बंद करण्याची विनंती सात कामकाजाच्या दिवसांत पुरी न झाल्यास त्यापुढे दररोज ५०० रुपये दंडाची तरतूद झाली. तक्रारीस बँकेकडून तीस दिवसांत उत्तर न मिळाल्यास वा ते असमाधानकारक असल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य दाद मागता येते. फसवणूक झाल्यास बँकेस व १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे.

वर्षाकाठी हजार-पंधराशे रुपयांचा लाभ लहान कुटुंबास उपेक्षणीय नाही. त्यात मुलांची वह्या-पुस्तके येतात. तो नेमका कोणास व कोणत्या अटीवर मिळतो, हे शिक्षकांनी पालकसभेत आणि पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत व बचत गटांच्या बैठकीत वरीलप्रमाणे फळ्यावर आकडे मांडून सांगितल्यास अनेक कुटुंबे कर्जाच्या फेऱ्यातून वाचू शकतील.