आफ्रिकेचा किनारा मुलांना कसा शिकवावा?

आफ्रिका म्हटले की आपल्या मुलांच्या डोळ्यांसमोर सिंह, वाळवंट आणि दुष्काळ एवढीच चित्रे उभी राहतात. मिशन रविवारच्या भित्तिपत्रकांनीही त्यात कधी कधी भर घातली आहे. त्या खंडाच्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या समुद्र जाणणारे कुशल मच्छिमार समाज आहेत, हे मुलांच्या कानी क्वचितच पडते. शिक्षकांनी व धर्मशिक्षकांनी हा विषय हाती घ्यायचा ठरवल्यास पश्चिम आफ्रिकेतील सेनेगल हा देश उदाहरण म्हणून उत्तम आहे.

आरंभ जेवणाच्या ताटापासून करावा. मासे, भात आणि भाज्या यांचे ‘चेबू जेन’ हे सेनेगलचे राष्ट्रीय पक्वान्न होय. त्याचा उगम सेंट लुई बेटावरील मच्छिमारांमध्ये झाला, असे मानतात. २०२१ साली युनेस्कोने त्याची सांस्कृतिक वारसा म्हणून नोंद केली.

हा मासा येतो कुठून? सेनेगलला सुमारे ७०० किलोमीटरचा किनारा आहे. हिवाळ्यात व वसंतात तेथील वारे पृष्ठभागाचे पाणी किनाऱ्यापासून दूर लोटतात आणि त्याची जागा घेण्यास खोलवरचे थंड, पोषक पाणी वर येते. त्यात सूक्ष्म वनस्पती वाढतात आणि त्यांवर ‘याबोय’ पोसला जातो. हा आपल्या तारलीचाच भाऊबंद.

पुरुष ‘पिरोग’ नावाच्या रंगीत, लांबट लाकडी होड्यांतून समुद्रावर जातात. होडी किनाऱ्याला लागली की पुढचे बरेचसे काम स्त्रियांच्या हाती येते. त्या मासे भाजतात, खारवतात, वाळवतात आणि दूरच्या गावांपर्यंत पोहोचवतात. वसईच्या किनाऱ्यावर बोंबील सुकताना पाहिलेल्या मुलांना हे चित्र परके वाटणार नाही.

जोआल हे तेथील मोठे मासेमारी केंद्र. सेनेगलचे पहिले राष्ट्राध्यक्ष लेओपोल्ड सेंगोर यांचा जन्म १९०६ साली येथेच झाला. जवळच्या फादियूत या शिंपल्यांच्या बेटावर बहुसंख्य कॅथोलिक व अल्पसंख्य मुस्लिम एकोप्याने राहतात. त्यांची दफनभूमीही एकच आहे. देशात मुस्लिम बहुसंख्य असल्याने ही गोष्ट मुलांना आवर्जून सांगावी.

मात्र येथेच थांबू नये. याबोयचे साठे घटले आहेत. पिरोगांची वाढलेली संख्या, परदेशी ट्रॉलर आणि माशांची भुकटी बनविणारे कारखाने ही त्याची प्रमुख कारणे. एक किलो भुकटीसाठी चार ते पाच किलो ताजा मासा लागतो आणि ती भुकटी दूरदेशीच्या मत्स्यशेतीत व कुक्कुटपालनात खाद्य म्हणून वापरली जाते. त्यामुळे मासे वाळविणाऱ्या स्त्रियांच्या वाट्याला मासा येईनासा होतो. जाळी रिकामी राहू लागल्यावर अनेक तरुण त्याच पिरोगांतून कॅनरी बेटांकडे निघाले. त्यांतील कित्येक परतले नाहीत.

वर्गात फळ्यावर पाच मासे काढावेत, चार पुसावेत आणि विचारावे: हे चार मासे कोणी खाल्ले, आणि कोण उपाशी राहिले? उत्तर शिक्षकांनी सांगू नये. मुलांनाच शोधू द्यावे. मग गरिबांसाठी दानपेटीत नाणे टाकणारे मूल, ती माणसे गरीब का झाली, हेही विचारू लागेल.