मुलांच्या डोळ्यांच्या भेदक जखमा

दसऱ्याच्या सुमारास इंदुरात रामलीला पाहून आलेली मुले खराट्याच्या काड्यांचे बाण करतात. काही वर्षांपूर्वी अशा बाणाने जखमी झालेला पाच वर्षांचा मुलगा माझ्याकडे आणण्यात आला. घरच्यांनी डोळा धुऊन, मलम घालून रात्रभर वाट पाहिली होती. "दिसेल ना, डॉक्टरसाहेब?" हा आईचा प्रश्न वास्तविक नेत्रतज्ज्ञांचा, पण प्रथम तो बालरोगतज्ज्ञापुढेच येतो.

उत्तराचा बराचसा भाग इजेच्या क्षणीच ठरून जातो. पहिल्या तपासणीत त्या डोळ्याला किती दिसते, हा सर्वांत भरवशाचा निकष. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या 'ऑक्युलर ट्रॉमा स्कोअर'मध्ये त्याच्या जोडीला नेत्रगोल फुटणे, आतील जंतुसंसर्ग, आरपार जखम, दृष्टिपटल सुटणे आणि बाहुलीची सदोष प्रकाशप्रतिक्रिया यांचे गुण वजा होतात. जखम कॉर्नियापुरती असल्यास आशा अधिक, पांढऱ्या भागात जितकी मागे तितकी कमी. मात्र भेदरलेले मूल डोळाच उघडत नाही, तेथे हे गणित अपुरे पडते.

उरलेला भाग आपल्या हाती असतो. जखम चोवीस तासांच्या आत शिवली गेल्यास जंतुसंसर्गाचा धोका घटतो. काडी-मातीच्या जखमेत तर हे फारच महत्त्वाचे. म्हणून डोळा धुऊ वा दाबू नये, रुतलेली वस्तू ओढू नये. (रसायन उडाल्यास मात्र तत्काळ धुणे हाच उपचार.) कागदी पेला डोळ्याभोवतीच्या हाडावर टेकवून चिकटवावा आणि भूल द्यावी लागणार, म्हणून मुलाला उपाशी ठेवून नेत्रशल्यविशारदांकडे धाडावे.

टाके निघाले की पालकांना सारे संपले असे वाटते. परंतु साधारण आठव्या वर्षापर्यंत मेंदू पाहावयास शिकत असतो. मोतीबिंदू, वण किंवा वाकड्या झालेल्या कॉर्नियामुळे चित्र धूसर राहिले, की तो त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करू लागतो. त्यावर योग्य चष्मा वा कॉन्टॅक्ट लेन्स आणि चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी, हा महिनोन्‌महिने चालणारा उपचार. ही मुले ताप-लसीसाठी आपल्याकडेच येतात. तेव्हा पट्टीची चौकशी आपणच करावयास हवी.

त्या मुलाचे टाके उत्तम बसले होते. सर्दीसाठी आला असता सहज विचारले, तेव्हा कळले की पट्टी महिन्याभरातच सुटली होती. धड डोळा बांधून ठेवणे आजींना पटेना. पट्टी पुन्हा सुरू झाली. आज त्या डोळ्याने तो फळ्यावरची मोठी अक्षरे वाचतो, पुस्तकातली नाही.