दीड मिनिटाचे काव्य

“दागिन्यांच्या आणि चपलांच्या फिल्म काढता, म्हणजे नेमके करता तरी काय?” हा प्रश्न मला प्रत्येक लग्नकार्यात हटकून विचारला जातो. विचारणाऱ्याच्या डोळ्यांपुढे असते ती किंमत, पत्ता आणि ‘आजच भेट द्या’ असे बजावणारी जाहिरात. आमच्या फिल्ममध्ये यांतले काहीच नसते. एखादी कल्पना मिनिट-दीड मिनिट पडद्यावर वावरते आणि शेवटी पेढीचे नाव तेवढे उमटते.

या कामासाठी आम्ही वरचेवर कर्जत-खालापूरकडे धाव घेतो. मुंबईहून रेल्वेने अवघे शंभर किलोमीटर. पूर्वेला सह्याद्री, पश्चिमेला माथेरानची डोंगररांग. त्यामुळे सूर्य उशिरा उगवतो, लवकर मावळतो आणि मधल्या वेळचे कोवळे ऊन फुकटात मिळते. सिनेमावाल्यांना हा मुलूख नवा नाही. कलादिग्दर्शक नितीन चंद्रकांत देसाई यांनी २००५ साली इथेच एन. डी. स्टुडिओ उभारला. २००८ साली आलेल्या ‘जोधा अकबर’साठी मोगलांचे वैभव त्यांनी याच रानात उभे केले आणि त्यातले दागिने घडवले ‘तनिष्क’ने. देसाई २०२३ साली गेले. पण दागिन्याला कथेत मानाचे पान मिळाले की त्याचे काय होते, हे त्या चित्रपटाने दाखवून दिले.

सोन्याचे चित्रण म्हणजे मात्र मोठी फसवी गोष्ट! झळाळी दिलेले सोने हा आरसाच. बांगडीवर कॅमेरा रोखावा, तर बांगडीत कॅमेरा, दिवे आणि मीसुद्धा दिसू लागते. मग भोवती काळे कापड ताणायचे, त्याला भोक पाडून भिंग बाहेर काढायचे आणि पांढऱ्या पुठ्ठ्याने हवी तिथेच उजेडाची रेघ सोडायची. मोत्याला पसरट, मऊ प्रकाश मानवतो. हिऱ्याला बारीक, टोकदार. सेकंदाला १२० चित्रे घेऊन ती २४च्या गतीने दाखवली, की एका सेकंदाचे पाच होतात आणि झुमक्याचे डोलणे लाटेसारखे दिसते.

पण वाचकहो, एवढ्याने काव्य होत नाही. पुण्यात वाढलेल्या गौरी शिंदे यांनी २०१३ साली ‘तनिष्क’साठी केलेली छोटी फिल्म आठवून पाहा. सावळी नवरी, तिची चिमुरडी मुलगी आणि दुसरे लग्न. फेरे सुरू असताना नवरदेव त्या मुलीलाही उचलून घेतो. दागिने सर्वांगावर आहेत, पण लक्षात राहते ते त्या पोरीचे हसू. आणि म्हणूनच दागिनेही लक्षात राहतात.

उलट वस्तू तेवढी दाखवून माणसे वगळली, की काय होते? कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. जून २०२५ मध्ये मिलानच्या दिमाखदार सोहळ्यात ‘प्राडा’ने थेट त्याच वळणाच्या चपला मिरवल्या, कोल्हापूरचे नाव मात्र नाही. इकडे ओरड झाली, तेव्हा कुठे कंपनीने ही प्रेरणा भारतीय कारागिरीची असल्याचे मान्य केले.

हाच प्रश्न कर्जतजवळच्या एका ठाकूरवाडीत माझ्यापुढे उभा राहिला. पादत्राणे विकणाऱ्या एका गृहस्थांना फिल्म हवी होती. त्यांची कल्पना अशी: मोळी घेऊन चाललेल्या बायांचे चिखलाने माखलेले अनवाणी पाय दाखवायचे आणि लगेच उंच टाचांच्या बुटातला गोरापान पाय. जागा पाहायला गेलो असता वाडीतल्या एका म्हातारीने सारे ऐकून घेतले आणि शांतपणे विचारले, “म्हणजे ताई, पाय आमचे नि चपला तिच्या, आसं का?”

मला उत्तर सुचेना. पण त्याच सकाळी कॉलेजला निघालेली एक मुलगी भातखाचरांच्या बांधावरून उतरताना पाहिली. चपला प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी छातीशी धरलेली. स्टेशनाजवळच्या नळावर तिने पाय धुतले, ओढणीच्या टोकाने पुसले, चपला घातल्या आणि ताठ मानेने लोकल गाठली. मी गृहस्थांना म्हटले, “हीच तुमची फिल्म!”

“अहो, पण माल पायात दिसणार केव्हा?”

“शेवटचे सात सेकंद. तोवर बघणारा तिच्यासाठी डबकी चुकवीत असेल.”

ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग कबूल झाले. आम्ही वाडीतलीच मुलगी घेतली आणि भर श्रावणात दोन दिवसांत चित्रण उरकले. मात्र करारात तिचे मानधन शहरातल्या मॉडेलइतकेच लिहावे, हा माझा हट्ट पुरा व्हायला तीन आठवडे लागले. त्याच्या आधी मी कॅमेऱ्याची पेटी उघडली नाही.