दिंका समाजातील प्रमुखपद : सत्ता आणि शब्द

राजा किंवा सरदार म्हटले की फौज, कैदखाना आणि करवसुली या गोष्टी ओघानेच डोळ्यांसमोर येतात. दक्षिण सुदानमधील दिंका समाजाचे पारंपरिक जीवन अभ्यासताना ही कल्पना बाजूला ठेवावी लागते. तेथील प्रमुखाच्या हाती दंडशक्ती फारशी नव्हती. त्याचे सामर्थ्य होते ते त्याच्या वाणीत.

१. गुरे आणि नाती

पावसाळ्यात उंचवट्यावरील वस्तीत ज्वारी पिकवायची आणि कोरड्या ऋतूत गुरे घेऊन नदीकाठच्या कुरणांत तळ द्यायचा, असा दिंकांचा वर्षक्रम. गुरांच्या तळाला ते ‘वुत’ म्हणतात; राजकीय गटालाही हाच शब्द आहे. विवाहात वराचे आप्त मिळून गुरे देतात आणि ती वधूच्या आप्तांत वाटली जातात. मनुष्यवधाची भरपाईही गुरांनीच होते. त्यामुळे कोणतीही सोयरीक वा कोणताही तंटा दोन व्यक्तींपुरता राहत नाही.

२. भाल्याचा धनी

असे तंटे मिटविणारा तो ‘बेन्य बिथ’, म्हणजे मासेमारीच्या भाल्याचा धनी. हे पद विशिष्ट कुळांत वंशपरंपरेने चालते. पवित्र भाला हाती घेऊन तो गटासाठी प्रार्थना करतो. त्याच्या मुखातील शब्द खरा होतो, अशी श्रद्धा आहे. गॉडफ्री लीनहार्ट यांनी १९६१ च्या ग्रंथात नोंदविल्याप्रमाणे, वृद्ध धनी स्वतःहून जिवंत समाधी मागत असे. साऱ्या समाजाचा प्राण त्याच्या ठायी आहे. तो आजारपणात नकळत निसटू नये, ही त्यामागील धारणा.

३. ‘चिएंग’ : नांदण्याची रीत

फ्रान्सिस मादिंग देंग यांनी ‘चिएंग’ या संकल्पनेला मध्यवर्ती स्थान दिले आहे. या शब्दात राहणे, एकोप्याने वागणे आणि समाजाची रीत असे अर्थ एकवटले आहेत. मराठीतील ‘नांदणे’ हे क्रियापद त्याच्या बरेच जवळ जाते. म्हणून निवाड्याचा हेतू एकाला जिंकविणे हा नसतो. दोन्ही पक्ष पुन्हा एकत्र नांदावेत, हा असतो.

४. परिवर्तन

ब्रिटिश अमदानीत प्रमुखाला न्यायालय, पोलीस आणि करवसुली यांचे अधिकार मिळाले. मन वळविणाऱ्याच्या हाती आता शिक्षाही आली. अबेई परिसरातील न्गोक दिंका १९०५ मध्ये उत्तरेकडील कोर्दोफान प्रांतास जोडले गेले. तेथे त्यांचे प्रमुख देंग माजोक यांनी शासकीय अधिकार वापरले, तरी शेजारच्या मिसेरिया अरबांशी सलोखा राखला तो मुख्यतः वाटाघाटींनी. १९६९ मध्ये त्यांचे निधन झाले. पुढे युद्धांच्या काळात हा सलोखा मोडला आणि अबेई कोणाचे, हा प्रश्न आजही सुटलेला नाही. आज्ञा देणारी सत्ता बाहेरून आणता येते. शब्दावरचा विश्वास मात्र पिढ्यान्‌पिढ्या कमवावा लागतो, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

विचार करा : निवाडा आणि समेट यांत कोणता फरक आहे? आपल्या परिसरातील एखाद्या तंट्याच्या आधारे दहा ओळींत लिहा.