पांढरा दगड, चार खनिजं

दख्खनच्या काळ्या पाषाणात सुरुंग उडाला की कधी कधी आतली पोकळी उघडी पडते आणि तिच्या भिंतींवर स्फटिक लखलखताना दिसतात. पुणे, नाशिक, जळगाव, छत्रपती संभाजीनगर या भागातल्या दगडखाणींत हे नवं नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजताना त्यात वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या राहून गेल्या आणि पुढे खडकात मुरलेल्या गरम पाण्यानं त्या खनिजांनी भरल्या. यातला बराचसा ऐवज पांढरा किंवा रंगहीन असतो, आणि बघणारा त्याला सरसकट गारगोटी म्हणून मोकळा होतो. खरं तर ते क्वार्ट्झ असेल, कॅल्साइट असेल, अपोफिलाइट किंवा स्टिल्बाइटही असेल. या चौघांना वेगळं करायला प्रयोगशाळा लागत नाही. पोलादी चाकू, काचेचा तुकडा, भिंग आणि थोडं सौम्य आम्ल पुरतं. वाट अडवतात ते आपले गैरसमज, आणि त्यातला सर्वांत चिवट म्हणजे रंगावरचा विश्वास.

शुद्ध क्वार्ट्झला रंगच नसतो. त्यात लोहाचा अंश शिरला आणि खडकातल्या नैसर्गिक किरणोत्सर्गाचा परिणाम झाला की तेच जांभळं ॲमेथिस्ट होतं. ते तापवलं तर बहुधा पिवळं पडतं. जळगाव-पुण्याकडच्या हिरव्या अपोफिलाइटचा रंग व्हॅनेडियममुळे येतो, आणि ते व्हॅनेडियम तिथं पाहुणं असतं. ते नसलं तरी खनिज अपोफिलाइटच राहतं. वाघोलीच्या खाणींनी जगभर नावाजलेल्या निळ्याशार कॅव्हनसाइटची गोष्ट वेगळी आहे. त्याचा निळा रंगही व्हॅनेडियमचाच, पण इथं ते खनिजाच्या घडणीचाच भाग आहे, म्हणून रंग बदलत नाही. रंगावर भिस्त ठेवावी अशी खनिजं असतात, पण मोजकी.

वरच्या रंगापेक्षा भुकटीचा रंग खूपच इमानी. त्याला कस म्हणतात. चकाकी न दिलेल्या पांढऱ्या चिनी मातीवर, म्हणजे कपाच्या बुडाच्या खरखरीत कडेवर, खनिज घासायचं आणि उमटलेली रेघ पाहायची. पोलादासारखं काळपट चमकणारं हेमॅटाइट तिथं लालसर तपकिरी रेघ ओढतं. गेरूचा रंग येतो तो याच खनिजातून. पायराइट सोन्यासारखं झळाळतं, पण त्याचा कस हिरवट काळा. सोन्याचा कस पिवळाच. सराफाच्या कसोटीवर हीच परीक्षा पिढ्यान् पिढ्या चालत आलेली आहे. मात्र आपल्या चार पांढऱ्यांपुढे कस हात टेकतो. तिघांची भुकटी पांढरी, आणि क्वार्ट्झ इतकं कठीण की रेघ उमटवण्याऐवजी ते कपालाच ओरखडतं. तिथं कठिनता पाहावी लागते.

कठिनतेबद्दल एक समज घरोघरी आहे: काच कापतो तो हिरा. क्वार्ट्झही काचेवर आरामात ओरखडा काढतं. फ्रीड्रिख मोस या जर्मन खनिजशास्त्रज्ञानं 1812 साली मांडलेल्या श्रेणीत शंखजिरं 1 वर आहे, जिप्सम 2, कॅल्साइट 3, क्वार्ट्झ 7, कोरंडम, म्हणजे माणकाचं खनिज, 9 आणि हिरा 10. नख सुमारे अडीचावर येतं, साधी काच आणि चाकूचं पोलाद साडेपाचाच्या आसपास. ही पट्टीनं केलेली मोजणी नव्हे, नुसता क्रम आहे: कोण कोणावर ओरखडा काढतो, एवढाच. 9 आणि 10 मधलं अंतर इतर पायऱ्यांइतकंच वाटतं, प्रत्यक्षात हिरा कोरंडमच्या कित्येक पट कठीण असतो.

परीक्षा करण्याची रीतही सांभाळावी लागते. दगडाचं हवेनं जुनावलेलं पृष्ठ मऊ झालेलं असतं, म्हणून ताजी फुटलेली बाजू घ्यावी. चाकूचं टोक टेकवून अर्धा सेंटिमीटर ओढावं आणि मग ओल्या बोटानं पुसून भिंगातून बघावं. फसगत होते ती इथं. दगड जास्त कठीण असेल तर चाकूचंच पोलाद झिजून त्यावर करडी रेघ सोडतं, आणि आपण तिला ओरखडा समजून बसतो. पुसल्यावर गेली तर ती चाकूची, राहिली आणि नखाला लागली तर दगडाची. कॅल्साइट आणि स्टिल्बाइटवर चाकू सहज चालतो, अपोफिलाइटवर जोर लावावा लागतो, क्वार्ट्झवर अजिबात चालत नाही.

भंडारा जिल्ह्यात मिळणाऱ्या कायनाइटवर ही परीक्षा एकदा तरी करून पाहावी. त्याच्या निळसर चपट्या पात्याच्या लांबीनं चाकू ओढला तर रेघ उमटते, आडवा ओढला तर उमटत नाही. एकाच स्फटिकाची कठिनता एका दिशेनं पाचाच्या आत आणि दुसऱ्या दिशेनं सातापर्यंत. अणूंची मांडणी दोन्ही दिशांना सारखी नसते, ती आपल्या हाताला अशी कळते.

कठीण म्हणजे न फुटणारं, हाही असाच एक समज. हातोडीचा घाव बसला तर हिरा ठरावीक पातळ्यांवरून दुभंगतो. अशा सपाट पातळीवर फुटण्याच्या गुणाला पाटन म्हणतात. स्फटिकाचे मूळ पैलू आणि पाटनाची पातळी यांत नवख्याची हमखास गल्लत होते. क्वार्ट्झचे सहा पैलू सुबक वाढलेले असतात, पण फोडलं की ते शिंपल्यासारख्या वळणांनी फुटतं, कारण त्याला पाटन जवळजवळ नाहीच. कॅल्साइटचा लहानात लहान तुकडाही तिरप्या पेटीच्या आकाराचा निघतो. अपोफिलाइट एकाच दिशेनं, स्फटिकाच्या उभ्या अक्षाला आडवं चिरतं आणि त्या चिरेवर मोत्याची झाक दिसते. स्टिल्बाइटच्या पाटनावरही मोत्याचीच झाक असते, पण त्याचे स्फटिक मधोमध बांधलेल्या गवताच्या पेंढीसारखे दोन्ही टोकांना पसरतात.

आम्लाच्या थेंबानं फसफसलं म्हणजे सगळा दगड कॅल्साइटचा, असं मानण्याची घाई नको. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल कॅल्साइटवर लगेच बुडबुडे काढतं, हे खरं. पण स्टिल्बाइटवर कॅल्साइटचं पातळ पुट चढलेलं असू शकतं, आणि फसफसतं ते पुट. खरवडून आतल्या भागावर पुन्हा थेंब टाकावा. आम्लासाठी हातमोजे आणि चष्मा हवाच.

लोहखनिज चुंबकाला चिकटतं, असं शाळेपासून डोक्यात बसलेलं असतं. मॅग्नेटाइट चिकटतं. गोव्याच्या खाणींतल्या लोहखनिजात भरपूर असणारं हेमॅटाइट मात्र साध्या चुंबकाला जवळजवळ दाद देत नाही. तिथं कपाच्या बुडावरची तांबडी रेघच कामी येते.

हातात जड लागलं म्हणून खनिज जड, असंही नाही. तुकडा मोठा असला तर तो जड लागणारच. आकाराच्या मानानं वजन काढायला दोरा आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा पुरे. काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून काटा शून्यावर आणावा आणि दोऱ्याला बांधलेला दगड तळाला न टेकवता पाण्यात पूर्ण बुडवावा. काटा जो आकडा दाखवेल त्यानं दगडाच्या कोरड्या वजनाला भागायचं. 53 ग्रॅमच्या दगडानं 20 ग्रॅम दाखवले तर उत्तर 2.65, म्हणजे क्वार्ट्झ. कॅल्साइटचं 2.71 येतं, त्यामुळे या दोघांचा निकाल चाकूनं आणि आम्लानंच लावावा. अपोफिलाइट 2.3 ते 2.4 च्या दरम्यान आणि स्टिल्बाइट 2.2 च्या आसपास. तुकड्यावर काळा पाषाण चिकटलेला असेल तर आकडा चुकतो.

चव घेऊन खनिज ओळखण्याची सवय कोणी लावत असेल तर ती मोडावी, कारण काही खनिजांत शिसं आणि आर्सेनिक असतं. आणि या सगळ्या परीक्षा फुटक्या तुकड्यावर किंवा बुडाकडच्या बाजूवर कराव्यात. चांगल्या स्फटिकाच्या पैलूवर चाकू ओढला की तो ओरखडा परत भरून येत नाही.