टोपी हरवली, टोपी सापडली, पुन्हा हरवली

खापरखेड्याच्या वीजकेंद्रात पाच संच आहेत, २१० मेगावॉटचे चार आणि ५०० चा एक. ते रात्रंदिवस चालतात, म्हणून माणसंही पाळ्यांमध्ये चालतात. रात्रपाळी करून आलेला बाप क्वार्टरमध्ये उशीत डोकं खुपसतो आणि शेजारच्या खोलीत दोन वर्षांचं पोट्टं मोबाईलवर ‘टेलिटबीज’चा कालचाच एपिसोड लावून बसतं. "याले कंटाळा कावून नाही येत वं?" हा त्याचा बायकोला प्रश्न. रास्तच आहे. उत्तर त्या कार्यक्रमाच्या बनावटीत सापडतं.

बीबीसीवर तो ३१ मार्च १९९७ ला सुरू झाला. ॲन वूड आणि अँड्र्यू डेव्हनपोर्ट यांनी तो रचला. त्यातले डेव्हनपोर्ट माणसाच्या बोलण्याचं शास्त्र शिकलेले. मूळ मालिकेचे भाग ३६५, म्हणजे वर्षभर रोज एक. कथानक एका ओळीत मावतं, आणि ती ओळही जरा लांबच होते.

सूर्य उगवतो, त्यात बाळाचा चेहरा हसतो. टिंकी विंकी, डिप्सी, ला-ला आणि पो हजर होतात. निवेदक एकेकाचं नाव घेतो, तो ते पुन्हा सांगतो. अशी हजेरी शाळेतल्या बाईंनी घेतली तर मधली सुट्टी होऊन जाईल. मग समजा डिप्सीची टोपी हरवते. मग सापडते. मग पवनचक्की फिरते, एकाच्या पोटावरचा पडदा उजळतो आणि त्यात खरीखुरी मुलं काहीतरी साधं काम करताना दिसतात. ती फिल्म संपली की चौघंही "पुन्हा, पुन्हा!" ओरडतात आणि तीच फिल्म पहिल्यापासून परत लागते. मोठ्यांना वाटतं, मोबाईल अडकला.

अडकलेला नसतो. पहिल्या खेपेला लहान मुलाची सगळी ताकद ‘हे काय चाललंय’ एवढं ओळखण्यात खर्च होते. दुसऱ्या खेपेला पुढे काय येणार याचा त्याला अंदाज बांधता येतो, आणि तो बरोबर निघाला की ते खूश. आपल्याला मजा येते ती अनपेक्षित काही घडल्यावर. त्याला येते ती ठरलेलं तसंच घडल्यावर. शिवाय दोन-अडीच वर्षांपर्यंतची मुलं समोरच्या माणसाकडून जितकं उचलतात तितकं पडद्यावरून उचलत नाहीत. तेच पुन्हा दाखवलं की ही तूट थोडी भरून निघते.

अमेरिकेत १९९६ साली आलेल्या ‘ब्लूज क्लूज’ने तर कहर केला: एकच एपिसोड सोमवार ते शुक्रवार, रोज. संशोधकांनी तीन ते पाच वर्षांची मुलं बसवून पाहिली, तर पुन्हा-पुन्हा पाहून ती टीव्हीला जास्तच उत्तरं द्यायला लागली. सूत्रधार प्रश्न विचारून उगाच गप्प बसतो, ती जागा त्याचसाठी सोडलेली असते.

आजीची काऊ-चिऊ वेगळं काय करते? कावळा दारात भिजतोय, चिमणी बाळाचं एकेक काम पुढे करतेय, दार काही उघडत नाही. फरक एवढाच की आजीला डुलकी लागते आणि ती आंघोळीवरून थेट काजळावर येते. पोट्टं लगेच उठून बसतं: पावडर राहिली!

टेलिटबीजचा शेवटही असाच ताणलेला. सूर्य कलतो, चौघं टाटा करून दिसेनासे होतात, पुन्हा डोकी वर काढतात, निवेदक नको म्हणतो, पुन्हा टाटा, मग एकेक उडी मारून घरात. संपलं हे मुलाला पटवून द्यायला एवढा वेळ लागतोच. मोबाईलचा ऑटोप्ले मात्र हा सगळा निरोप पुसून काही सेकंदांत पुढचा सूर्य उगववतो. ऑटोप्ले आधी बंद करावा. भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना दोन वर्षांखाली व्हिडिओ कॉल सोडून पडदाच नको म्हणते, आणि पाचपर्यंत दिवसाला फार तर तासभर. तेव्हा मोबाईल काढून घ्यायचाच असेल तर चौथी उडी झाल्यावर घ्यावा. टोपी हरवलेली असताना घेतला, तर रात्रपाळीवाल्या बापाची झोप गेलीच, वरच्या मजल्यावरच्यांचीही जाते.